ढोल पडण्याआधी

सोयाबीनच्या मळणीत दादाचा हात यंत्रात गेला. हिंगोलीला पोहोचण्याआधी दादा गेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची आठवण उन्हात उडणाऱ्या भुशासारखी येते, आधी डोळ्यांत आणि मग घशात. भुवयांवर सोनेरी धूळ, मानेभोवती ओला टॉवेल, आणि ट्रॅक्टरवरच्या डेकमधून सेनगावच्या शिवारभर पसरणारे एकच एक इंग्रजी रॉक गाणे. त्याच्या जन्माआधीचे ते गाणे त्याने नांदेडला आयटीआयमध्ये असताना कुणाकडून तरी मिळवले होते. प्रारंभी एकटी गिटार, उथळ ओढ्यासारखी अडखळत येणारी. बऱ्याच वेळाने ढोल कोसळत आणि त्याच क्षणी यंत्र घरघरू लागे. मळणीला येणाऱ्या तांड्यावरच्या बाया त्याला ‘दादाची विंग्रजी आरती’ म्हणून हसत. शाळेत मराठी शिकवणाऱ्या मला त्याची लाज वाटे. त्यात मला दादाचा मिरवण्याचा सोस तेवढा दिसे.

त्या सकाळी शेजारी मयत झाली होती. आभाळ भरून आलेले, मळणी थांबवता येईना. “दादा, आज गाणं नको, लोक काय म्हणतील,” एवढेच मी म्हणालो. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग “व्हय, बराबर हाय” म्हणाला आणि पेनड्राइव्ह काढून त्याने खिशात टाकला. दुपारी ओले काड यंत्रात अडकले. ते काढायला दादा वाकला, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या गणपतने, दादाच्या मळणीतल्या जोडीदाराने, यंत्र सुरू करणारा दांडा टाकला. वहिनी तेव्हापासून गणपतला दारात उभा करत नाही.

परवा हिंगोलीच्या जीपमध्ये ड्रायव्हरने मोबाइलवर तेच गाणे लावले. दादाकडूनच कधीतरी घेतलेले असणार. पहिल्या तारेसरशी मी ते ओळखले. शेजारी शेवंताबाई होती, वर्षानुवर्षे आमच्या मळणीला येणारी. गिटार ऐकताच तिने मांडीवरचे दोन्ही हात उचलून छातीशी धरले. ढोल पडेपर्यंत ते तसेच होते. मी कारण विचारले, तेव्हा ती ओशाळून हसली.

“सवय हाय, भाऊ. यंत्र अडकलं की दादा सोता साफ करायचा अन् मग ह्ये लावायचा. ह्ये सुरू झालं की समद्यांनी हात काढून दूर व्हायचं. ढोल पडल्याबिगर गणपतनं दांडा टाकायचा न्हाई.” मग ती म्हणाली, “त्या दिवशी काहून लावलं न्हाई, काय माहीत.”

काचेबाहेर तुरीची शेते मागे सरत होती. शेवंताबाई आता माझ्याकडे पाहील, या भयाने मी श्वासही हळू घेतला. ज्याला मी सोस म्हणालो, ते गाणे इतकी वर्षे त्या सगळ्या हातांवर पहारा देत उभे होते. आणि तो पहारा मी एका वाक्याने उठवला होता.

गेलेले माणूस काळाबरोबर दूर जाते, असे मला वाटे. दादा मात्र रोज थोडा जवळ येतो आहे, आणि तो काही विचारील याची मला भीती वाटते.

गणपत अजून आमच्या घरावरून मान खाली घालून जातो. वहिनीला मी काहीच सांगितलेले नाही.