दारावरची पाटी

रविवारी धाकट्याला बघायला मुलीकडची माणसं येणार होती, म्हणून शनिवारी सकाळी पेंटरकाकांनी घराची पाटी खाली उतरवली. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली होती, पण स्वतःच्या दारावरची पाटी बायको मागे लागली की मगच रंगायची. पाटीवर चार नावं होती. त्यातल्या बायकोच्या नावावर आता पांढरा रंग मारायचा होता. ती जाऊन महिना झाला होता.

धाकटा ब्रश धुऊन घेऊन आला आणि घुटमळत म्हणाला, "बाबा, आईचं काढताय तर दादाचंही काढा. मध्यस्थांनी मुलीकडच्यांना एकच मुलगा सांगितलाय."

काका पाटीवरची धूळ पुसत राहिले. दोघा भावांनी एकाच टेम्पोतून विनापरवाना गुंगीच्या गोळ्यांची खोकी नेली होती. धाकटा टेम्पोसह सरहद्दीवरच्या पुलापलीकडे, दुसऱ्या देशात पकडला गेला, पुलाच्या अलीकडे उतरलेला थोरला आपल्याच देशात. तिकडच्या न्यायाधीशाने धाकट्याला चार महिने दिले, सुतारकाम शिकवून घरी धाडलं. इकडे थोरल्याला बारा वर्षांची शिक्षा लागली. गल्लीच्या लेखी धाकट्याची चूक झाली आणि थोरला गुन्हेगार ठरला. समोरचा वाणी तर तोंडावर म्हणाला होता की काकांनी अक्षराला वळण लावलं, पोराला लावायचं राहिलं. बायको लाजेपोटी सगळ्यांना सांगत राहिली, थोरला लांब कारखान्यात आहे. शेवटी मात्र दवाखान्याच्या दाराकडे बघत तेवढंच विचारायची, आला का? त्याला तुरुंगातून एका दिवसाचीही रजा मिळाली नाही.

काकांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, पण हात तिच्या नावापर्यंत जाईना. त्यांनी ब्रश खाली ठेवला. काळा रंग घेऊन थोरल्याचं विटलेलं नाव ठळक गिरवलं. पुढे लिहिलं, 'बारा वर्षं'. धाकट्याच्या नावापुढे, 'चार महिने'. खाली, 'गुन्हा एकच'.

"बाबा, लग्न मोडेल माझं."

"मोडेलही," काका म्हणाले. "तू पुलाच्या अलीकडे सापडला असतास आणि तो पलीकडे, तर त्यानं तुझं नाव काढायला सांगितलं असतं का रे?"

धाकट्याने पाटी वाळू दिली. मग त्यानेच स्टुलावर चढून पाटी लावली.

रविवारी पाहुणे दारातच थबकले. मुलीच्या वडिलांनी पाटी दोनदा वाचली आणि हे काय म्हणून विचारलं.

"घरातली माणसं आहेत," काका म्हणाले. "या, बसा. सगळं सांगतो. ऐकून उठावंसं वाटलं तर उठा."

मुलीचे वडील एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवून तसेच उभे राहिले.