तिसरा रकाना

"कासोंदे, ऐकलंस का? त्या उंदीरखाऊला पोलिसांनी उचलला!"

आई अंगणातून ओरडली ती हसत हसतच. ती भोपळ्याचा पाला निवडत बसली होती आणि हसण्याने मांडीवरचं सूप हलत होतं. मी आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे होतो.

"कुणाला उचलला?"

"अरे, शावाला! कापासाला पुरून घरी निघाला होता, फावडं खांद्यावर टाकून. गाडी आली नि फावड्यासकट आत घातला. आता सुटून येऊ दे, विचारतेच त्याला, चौकीत उंदीर तळून देतात की उकडून."

"पण कशाबद्दल नेलं?"

"फोनवर काहीतरी लिहिलं म्हणे. मेल्याला जन्मात कधी धड बोलता आलंय, म्हणून लिहिता येणार?"

मी दार लोटलं आणि सोमवारी पाठवलेली यादी उघडली. तिसऱ्या क्रमांकावर बा शावा होते. शंभरापैकी चौऱ्याण्णव गुण.

मी प्रोग्रॅमर आहे. न्डोला शहरातल्या चिफुबू वस्तीत आईबरोबर राहतो आणि राजधानीतल्या एका कंपनीसाठी घरूनच काम करतो. निवडणुका जवळ आल्या की लोक फोनवर एकमेकांच्या जमातींबद्दल भलतंसलतं लिहितात. ते वाचून काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. लिहिणाऱ्याच्या मनात किती द्वेष आहे याचे तो शंभरापैकी गुण देतो. दर सोमवारी यादी कंपनीकडे जाते, कंपनीकडून कुठल्याशा कचेरीत, आणि तिथून पुढे कुठे जाते ते मी कधी विचारलं नव्हतं. संगणक गुन्ह्यांचा कायदा मी एकदाच वाचला होता, औषधाच्या खोक्यातला कागद वाचतात तसा, वरवर.

आमच्यातला कापासा सुतार वारला तेव्हा वस्तीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. लोकांनी खाली हात जोडले, मेणबत्त्या लावल्या. बा शावांनी लिहिलं होतं: "अखेर एक माकडखाऊ कमी झाला. बाकीच्यांनीही रांगेत उभं राहावं. खड्डे खणायला मी फावडं घेऊन येतोच आहे."

आणि ते आले होते. सगळ्यांच्या आधी आले, अर्धी कबर एकट्याने खणली. वय वर्षं अडुसष्ट.

आम्ही बेम्बा जमातीचे, बा शावा न्गोनी जमातीचे. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली आणि दोन्हीकडचे दमल्यावर असं ठरलं की यापुढे फक्त तोंडाने मारायचं. तेव्हापासून हे थट्टेचं नातं चालत आलंय. आम्ही त्यांना उंदीरखाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हाला माकडखाऊ. रागावायचं नाही, रागावला तो हरला. आणि घरात मयत झालं की आपल्या माणसांना रडण्यातून उसंत नसते, तेव्हा चूल पेटवायला, कबर खणायला आणि मेलेल्याची टर उडवायला समोरच्याने यायचं.

माझे वडील गेले तेव्हा बा शावा त्यांचा कोट घालून, त्यांच्यासारखे पाय ओढत अंगणभर फिरले होते. "माझा चष्मा कुठाय? माझा चष्मा कुणी खाल्ला?" आई रडता रडता हसायला लागली आणि त्या दिवसात पहिल्यांदा दोन घास जेवली. मग स्मशानात ते कबरीत उतरून आडवे झाले. "जागा ऐसपैस आहे, म्हाताऱ्याला कशाला देता वाया? मीच राहतो इथे." त्यांना बाहेर काढायला चार जण लागले. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. वडिलांच्या कबरीपाशी उभा राहून पोट धरून हसलो होतो.

हे सगळं मला माहीत होतं. न्यू यॉर्कच्या कुणा माणसाने हा प्रोग्रॅम लिहिला असता तर त्याला माफ करता आलं असतं.

त्यात तीन रकाने होते. सुट्टीवर असलेल्या तीन शाळामास्तरांना आम्ही सहा हजार मजकूर वाचायला दिले होते. प्रत्येकापुढे खूण करायची: द्वेष, द्वेष नाही, किंवा थट्टा. मास्तरांनी थट्टेचा रकाना भरभरून वापरला. मग प्रोग्रॅम गोंधळायला लागला, कारण थट्टेतले शब्द आणि द्वेषातले शब्द सारखेच. कंपनीच्या प्रमुख बाईंचा, बा मुतिन्तांचा फोन आला; 'बा' आम्ही पुरुषांना आणि बायकांनाही आदराने लावतो. "कासोंदे, अचूकता वाढली पाहिजे. सोमवारी दाखवायचंय." शुक्रवार होता. जेवण झाल्यावर मी तिसरा रकाना काढून टाकला आणि त्यातले सगळे मजकूर द्वेषात ढकलले. अचूकता झर्रकन वाढली. बा मुतिन्तांनी शाबासकी दिली आणि मी संध्याकाळी गाडीवरून कोळशावर भाजलेलं बोकडाचं मटण आणलं. आईलाही दिलं.

त्या दिवशी उघडलेल्या यादीत खाली मी आणखी एक गोष्ट पाहिली. बा शावांच्या त्या ओळीचा कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवला होता. ज्यांनी चिफुबू नकाशावरही पाहिलं नव्हतं असे हजारो लोक त्यांना खुनी म्हणत होते. त्यात एका सभ्य गृहस्थाने शुद्ध भाषेत लिहिलं होतं की अशा लोकांना आपल्या वस्त्यांतून शांततेने हलवावं, त्यांच्या घरांची यादी करायला तो तयार आहे. त्याला प्रोग्रॅमने अकरा गुण दिले होते. एकही वाईट शब्द नव्हता ना त्यात.

मी बा मुतिन्तांना फोन केला.

"आपण पकडत नाही, कासोंदे, आपण मोजतो," त्या म्हणाल्या. "तराजूला कधी कुणी तुरुंगात घातलंय? आणि हे बघ, त्या माणसाने लिहिलंय 'खड्डे खणतो', आणि पोलिसांना त्याच्याकडे फावडं सापडलंय. तू असतास तर काय केलं असतंस?"

"तो कबर खणून येत होता."

"मग तसं तो कोर्टात सांगेल."

दुसऱ्या दिवशी आई आणि मी मक्याच्या पिठाचा न्शिमा आणि सुके मासे घेऊन चौकीवर गेलो. आईने गजाआड पाहिलं नि सुरू केलं. "शोभतोयस हो! सापळ्यात गेलास शेवटी."

"आली माकडीण!" आतून आवाज आला. "झाडावरून उतरलीस कशी इतकं वय झाल्यावर?"

बाकावरचा शिपाई आमच्याच वस्तीतला. तो खाली बुटांकडे बघत म्हणाला, "मावशी, इथे असलं नका बोलू. मला लिहून ठेवावं लागेल."

"लिही की! नाव नीट लिही माझं, बाना कासोंदे. कासोंदेची आई."

शिपाई हसला नाही. बा शावांचंही हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी डबा घेतला आणि माझ्याकडे वळले. दाढी वाढली होती, डोळे लाल होते. रक्तदाबाच्या गोळ्या कालपासून मिळाल्या नव्हत्या.

"काय रे, तुला त्या मशीनमधलं कळतं ना? हे लोक म्हणतात, कुणी माणसाने तक्रार केलीच नाही. मशीनने वाचलं. कापासाच्या बायकोने वाचून मला हसण्याचं चित्र पाठवलं, अन् मशीनला राग आला? कुठल्या गाढवाने बनवलंय ते?"

मी म्हणालो, "बघतो मी."

एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली, विश्वासाने. वाटेत आई म्हणाली, "चांगलं केलंस. तू शिकलेला आहेस, तू सोडव त्याला." मी भराभर पुढे चालू लागलो.

नऊ दिवस मी रोज ठरवत होतो की आज जाऊन सांगायचं. रोज एक कारण सापडायचं. कधी वीज गेलेली असायची, कधी बैठक असायची. मग कंपनीने एक पत्र पाठवलं, प्रोग्रॅम कसा उत्तम आहे ते सांगणारं, आणि कोर्टाने बोलावलं तर ते वाचून दाखव म्हणून कळवलं. त्या पत्राच्या मागे मी स्वतःच्या हाताने लिहिलं: तिसरा रकाना होता, तो मी काढला, या माणसाच्या मनात द्वेष नाही हे मला माझ्या बापाच्या मयतापासून ठाऊक आहे. इतकं लिहिताना तीनदा खोडलं. पण लिहिलं आणि खरंच वाचणार होतो.

कोर्टात अर्धी वस्ती आली होती. कापासाची बायकोही काळ्या कपड्यांत आली होती. पुरावा म्हणून फावडं टेबलावर ठेवलं होतं, पात्यावर कबरीची माती तशीच वाळलेली. मी साक्षीदारांच्या बाकावर बसून घडी घातलेला कागद मुठीत धरला होता. बा शावांना उभं केलं. त्यांनी टोपी दोन्ही हातांत धरली आणि कुणीतरी पढवल्यासारखं बोलले.

"मी बेम्बा लोकांची माफी मागतो. माझ्या लिहिण्याने त्यांची मनं दुखावली. मी पुन्हा असं लिहिणार नाही आणि बोलणार नाही."

मागून आई मोठ्याने हसली. तिला वाटलं, ही थट्टेची सुरुवात आहे, पुढचा टोला आता येईल. ती तोंडावर हात धरून वाट बघत राहिली. आणखी दोघं-तिघं हसू दाबत होते. टोला आलाच नाही. बा शावा मान खाली घालून उभे होते, आणि हळूहळू सगळ्यांना कळलं की एवढंच होतं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, गुन्हा कबूल आहे, वय झालेलं आहे, नऊ दिवस आत काढलेत, ताकीद देऊन सोडते. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साक्षीदाराची आता गरज नाही."

मी उभं राहून सांगू शकलो असतो. कुणी हात धरला नव्हता. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. बा शावा सुटले असं नाही, मी सुटलो. आजवर केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मला त्या एका शब्दाची जास्त लाज वाटते.

बा शावा रोज दुपारी चारला आमच्या फाटकावरून न्सोलो, म्हणजे खळग्यांत खडे टाकायचा डाव, खेळायला जातात. त्याच आठवड्यात आईने नेहमीसारखी खुर्ची फाटकाशी ओढली.

"ए उंदीरखाऊ! शेपूट तुरुंगात विसरलास काय?"

ते थांबले. टोपी काढली. "नमस्कार, बाना कासोंदे. तब्येत बरी आहे ना?" आणि चालू लागले.

आईला वाटलं, बरं नसेल. दुसऱ्या दिवशी तिने आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बापाला, आजाला आणि त्यांच्या राजालाही ओढलं. रोज टोपी निघायची, रोज नमस्कार यायचा. पंधरा दिवसांनी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी काय केलं रे त्याला? चाळीस वर्षांत कधी असा नाही वागला. माझं काही चुकलं का?"

मग मी तिला सांगितलं. रकाना, शुक्रवार, यादी, चौकी, खिशातला कागद, सगळं. ती दाराला धरून ऐकत होती. संगणकातलं तिला काही कळत नसेल असं मी धरून चाललो होतो.

"त्या मास्तरांनी जे थट्टा म्हणून खुणावलं होतं," ती म्हणाली, "ते तू वाचलंस?"

"काही वाचलं. बरंच."

"हसलास?"

"यंत्राला हसणं कळत नाही, आई."

"यंत्राचं नाही विचारलं मी."

मी हसलो होतो. त्या शुक्रवारी एकटाच बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो आणि हसत हसतच एकेक द्वेषात ढकलला होता. तिला तसं सांगितलं. तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"जा, त्याच्या तोंडावर सांग," एवढंच म्हणाली.

मी गेलो. बा शावांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. मला लंगोटात पाहिलेला माणूस, पण "बसा" म्हणाला. मी सांगत असताना मध्येच थांबवलं नाही, शेवटी म्हणाले, "तुमचं काम होतं ते, साहेब. मी आता जपून असतो. चहा घेणार?"

"बा शावा, शिव्या द्या मला. माकडखाऊ म्हणा."

त्यांनी आधी माझ्या खिशातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं नाही बोलू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. समजूत घालत होते माझी.

तो रकाना परत घालायला मला वीस मिनिटं लागली. कंपनीने कळवलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू. नोकरी सोडली असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने रविवारचं चितेंगे, कमरेला गुंडाळायचं छापील कापड, नेसलं, डोक्याला रुमाल बांधला. चारला ती फाटकाशी गेली, पण खुर्ची नेली नाही. बा शावा वळणावर दिसले तसे त्यांचे पाय मंदावले, पुढच्या शिवीची वाट बघितल्यासारखे. आई दोन्ही गुडघे किंचित वाकवून, परक्या पाहुण्याला करतात तसा नमस्कार करून म्हणाली, "नमस्कार, बा शावा. तब्येत बरी आहे ना?"

नेहमीसारखी काढलेली टोपी त्यांच्या हातातच राहिली. मग म्हणाले, "बरी आहे, बाना कासोंदे. आपली?"

"बरी आहे."

ते पुढे गेले. ती फाटकाला कडी लावून आत आली आणि माझ्याकडे न बघता चुलीपाशी गेली. आता रोज चारला हे असंच होतं. मी खिडकी लावून घेतो, तरी ऐकू येतं.