दोन महाराण्या

महाराज गेले त्याच संध्याकाळी युवराज महाराज झाले आणि त्यांची बायको महाराणी. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. नवरा गादीवर आला की पदवी आपसूक बायकोकडे येते. पण सून धास्तावली. महाराणी म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस यायचं, सासूबाई.

ती मूळची फिजिओथेरपिस्ट. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यायाम करून घ्यायला राजवाड्यात यायची. तिथेच युवराजांशी सूत जुळलं. सासूबाईंनी लग्नाला मोडता तर घातला नाहीच, उलट नाकं मुरडणाऱ्या नातेवाइकांची तोंडं बंद केली होती.

नव्या महाराजांच्या पहिल्या दरबाराच्या आदल्या दिवशी तिने नवऱ्याला गाठलं.

"त्या आहेत तोवर महाराणी त्याच. मला युवराज्ञीच राहू दे. उद्या तसं जाहीर कर."

महाराजांना ते पटलं. दोघं सासूबाईंकडे गेले. त्या कपाट उघडून बसल्या होत्या आणि कपड्यांचे ढीग लावत होत्या. बागेपलीकडच्या छोट्या घरात त्यांना राहायला जायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मन चांगलं आहे तुझं," त्या सुनेला म्हणाल्या. "पण हे चालायचं नाही."

"लोकांनाही आवडेल, आई," महाराज म्हणाले.

"लोकांना आवडेल रे. भोगायचं हिला आहे." त्यांनी हातातली शाल बाजूला ठेवली. "माझ्या सासूबाईंनी पदवी सोडली नाही. मला सगळे 'धाकट्या महाराणी' म्हणायचे. पहारेकऱ्यांना कळायचं नाही, सलाम आधी कुणाला ठोकायचा. मी एका शाळेच्या कार्यक्रमाला होकार दिला, तर त्यांनी आयत्या वेळी परस्पर नकार कळवला. शाळेची मुलं उन्हात उभी राहून परत गेली. माझे केस पिकायला लागले तेव्हा कुठे 'धाकट्या' गेलं."

"फार त्रास दिला का त्यांनी?" सुनेने विचारलं.

"छे गं. जीव लावायच्या. फक्त ते एक सोडवलं नाही त्यांच्याच्याने. मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं."

महाराज खाली मान घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. सवयीने सून सासूबाईंच्या मागे उभी राहिली. दारावरच्या म्हाताऱ्या चोपदाराने "महाराज आणि..." अशी ललकारी सुरू केली आणि तो अडखळला. त्याची नजर सासूबाईंकडे गेली होती. सगळ्यांचीच गेली.

सासूबाईंनी काठी बाजूच्या माणसाच्या हातात दिली. त्या वळल्या, सुनेसमोर आल्या आणि सगळ्यांदेखत गुडघे वाकवून, मान लववून त्यांनी अभिवादन केलं. इतकं खाली वाकायचं नाही, असं तिनेच त्यांना शंभरदा बजावलं होतं. सावरायला तिचा हात पुढे झाला.

"हात मागे घ्या, महाराणी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लोक बघतायत."

आजवर त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तिने हात मागे घेतला. ती ताठ उभी राहिली, कारण एवढ्या कष्टाने दिलेलं रडत घेणं बरं दिसलं नसतं. मागोमाग सगळा दरबार वाकला. चोपदाराने ललकारी पुरी केली आणि महाराजांनी आपल्या आईला 'राजमाता' ही पदवी जाहीर केली.

नंतर आतल्या खोलीत सून त्यांच्या गुडघ्याला बर्फ लावत बसली.

"कुणी सांगितलं होतं एवढं वाकायला?"

"तू नव्हतं सांगितलंस, हे खरं," राजमाता म्हणाल्या. "अर्धवट वाकले असते तर लोक म्हणाले असते, म्हातारीच्या मनात नव्हतं."

सुनेला हसू आलं, डोळेही भरून आले. एवढं मोठं माणूस आपल्या वाट्याला आलं, याचंच तिला नवल वाटत होतं.

तेवढ्यात चिटणीस आत आले. बालरुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी महाराणींची वेळ हवी होती. बोलता बोलता ते नेहमीसारखे राजमातांकडे वळले. राजमातांनी चहाचा कप उचलला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

चिटणीस गडबडले, सुनेकडे वळले.

"गुरुवारी सकाळी येते," ती म्हणाली. "आणि मुलांना बाहेर उभं करू नका. मीच वॉर्डात जाईन."