पेशंटचा आवाज

"हात काढ. माझी बटणं मी लावतो."

बाबांनी लेकीचा हात झटकला आणि आरशासमोर तिसऱ्या बटणाशी पुन्हा झुंज सुरू केली. बटण काजापर्यंत यायचं, बोटं थरथरायची, की स्वारी पुन्हा बाहेर. लेकीनं घड्याळ पाहिलं. नऊ पस्तीस. मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे आणि सव्वादहाचा हा नंबर मिळायला दोन महिने लागले होते.

"बाबा, उशीर होतोय. आणि निघायच्या आधी बाथरूमला जाऊन या म्हटलं होतं."

"लागलेली नाही मला."

"लागल्यावर पळवत नाही तुमच्याच्यानं, म्हणून म्हणतेय!"

"माझ्या हातांना ब्रेक नाही नि पायांना ॲक्सिलरेटर नाही," बाबा आरशातल्या स्वतःला म्हणाले. एरवी ती हसली असती.

आई दुखऱ्या गुडघ्यांवर डुलत आली आणि जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी पुढे केली. "ही पण घे."

"आई, फाइल मी कालच लावलीय."

"असू दे गं. डॉक्टरांनी मागितली तर?"

पालथ्या घड्यावर पाणी. तिनं पिशवी घेतली.

बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. लेक मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. बावीस वर्षं. म्हातारे पेशंट तिला 'फोटोवाली ताई' म्हणायचे आणि मुद्दाम तिच्याच खोलीत नंबर लावायचे. "घाई नाही हं आजोबा, सावकाश वळा," असं ती इतक्या मायेनं म्हणायची, की दुखणाराही वळायचा. ती माया दवाखान्याच्या दारातच का संपते, हे तिला कळत नव्हतं. परदेशातला भाऊ दर रविवारी फोनवर सांगायचा, "बाबांना वेळ दे गं. हे दिवस पुन्हा येत नाहीत." तिच्या जिभेवर यायचं, मग तू ये आणि दे. पण ती "हो रे दादा" म्हणून फोन आईकडे द्यायची.

जिना उतरायला अकरा मिनिटं लागली. टॅक्सीत बाबांना पुढेच बसायचं होतं, आणि पट्टाही स्वतःच लावायचा होता. हा दवाखाना तिचा नव्हता; पोचले तेव्हा दहा चाळीस झाले होते.

"दोनदा पुकारलं," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आता पुढच्या महिन्यात."

"अहो, पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्यांना चालायला त्रास होतो. शेवटी घेतलं तरी चालेल, आम्ही थांबतो."

"सगळ्यांनाच त्रास असतो, मॅडम. यादी भरलीय."

याच सुरात, याच शब्दांत तिनं स्वतः किती जणांना परत पाठवलं होतं! वाद घालायला तोंडच उरलं नाही. पुढच्या महिन्याची चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली. बाबांना आवारातल्या बाकावर बसवलं आणि मग तिचा बांध फुटला.

"तीन बटणं, बाबा! तीन बटणांपायी दोन महिने पाण्यात गेले! मी हातापाया पडून सुट्टी काढायची, लोकांची बोलणी खायची, आणि तुम्ही हट्ट करायचा! मी लावली असती बटणं, तर काय बिघडलं असतं?"

शेजारच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. बाबा खाली मान घालून बसले होते. तसेच पुटपुटले, "आत जायला हवं होतं मला."

"मग चला."

"आता नको."

तिनं पाहिलं. राखाडी पँटवर काळपट ओल पसरत चालली होती.

आणि बावीस वर्षांची सवय आपोआप जागी झाली. "काही हरकत नाही हं," ती मऊ आवाजात म्हणाली. "होतं असं. माझ्या खांद्यावर हात ठेवा. छान. आता सावकाश उठायचं." स्वतःचा स्वेटर तिनं त्यांच्या कमरेला बांधला, बाथरूममध्ये नेलं, कागदी रुमालांनी पुसलं. "झालंच हं. एक पाय उचला बरं. शाब्बास."

बाबांनी बेसिनची कड घट्ट धरली होती. "असं बोलू नकोस."

"कसं?"

"हे असं. पेशंटशी बोलतेस तसं. मघाशी ओरडलीस ना, ते चाललं असतं. तो निदान माझ्या मुलीचा आवाज होता."

नळ गळत होता. तिला रडू आलं नाही, उलट सकाळपासूनचा सगळा संताप उफाळून वर आला.

"मग ऐका! निघायच्या आधी जाऊन या म्हणून कोण सांगत होतं? गेलात? नाही! आईचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं नाही. सगळं जग मूर्ख, तुम्ही तेवढे शहाणे!"

"हां," बाबा म्हणाले. त्यांची मान किंचित वर आली. "आता कसं."

टॅक्सीनं परतले. घरचा जिना चढताना बाबा पहिल्या मजल्यावर थांबले, दम खात म्हणाले, "तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस."

"काय सांगू मग?"

उत्तर सुचायच्या आत वरून आईचा आवाज आला. कठड्याला धरून ती वाकून पाहत होती. "आलात? काय म्हणाले डॉक्टर?"

"पुढच्या महिन्यात बोलावलंय," लेक म्हणाली.

"म्हणजे काळजीचं काही नाही ना?"

"नाही. तू आत जा, चहा ठेव."

आई आत गेली. बाबांचे पाय आता उचलेनात. ते तिथेच पायरीवर टेकले. दोन वाजता तिची ड्यूटी होती, पूर्ण दिवसाची सुट्टी मिळालीच नव्हती. अजून बारा पायऱ्या, मग कपडे बदलणं, धुणं, आईच्या प्रश्नांची सरबत्ती. "चला, उठा," हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण ती तशीच उभी राहिली. कपाळावरची आठी गेली नव्हती.

बाबा भिंतीकडे सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.