गोळीच्या आधीची मोकळी जागा

प्रिंटर कंपनीचा फोनवरचा माणूस सांगेल तसे काका एकेक बटण दाबत होते. एका हाताने फोन कानाशी धरलेला, दुसरा हात माउसवर. प्रिंटर नवा होता, सोमवारी आलेला, आणि तो काकांनीच जोडला होता. त्यामुळे त्याच्या पोटात जे काही बिघडले असेल ते आपल्याच हातून बिघडले असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काका बसत. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आल्या की त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, मालकीणबाईंनी पडद्यावर तपासून होकार दिला की प्रत्येक गिऱ्हाइकाचा फॉर्म छापायचा: वर नाव-पत्ता, खाली औषध, कधी घ्यायचे, किती घ्यायचे. त्याच प्रिंटरवर डब्यांची लेबलेही निघत. मग पुड्या बांधून घरपोच जात. पुडी नेणाऱ्या मुलींना काका रोज न चुकता ‘जपून’ म्हणत. जिना उतरतानाही जपून, सायकलवरही जपून, उन्हातही जपून. मुली त्यांना जपूनकाका म्हणायच्या आणि त्यांना ते ठाऊक होते. आधीची कंपनी बंद पडल्यावर कितीतरी महिने घरी बसून काढल्यानंतर ही नोकरी मिळाली होती. तेव्हापासून बाईंनी नुसती ‘काका, जरा या’ अशी हाक मारली तरी ते हातातले काम टाकून उभे राहायचे.

तक्रार होती दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक असलेल्या पोलिश आजोबांची. आदल्या दिवशी दुपारी ते स्वतः चालत आले होते. जन्मभर कारखान्यात वेल्डिंग केलेला उंच, आता खांद्यात वाकलेला माणूस. बोलणे मोजके. त्यांनी फॉर्म काउंटरवर उलगडला आणि नावावर बोट ठेवले. त्यांच्या नावात पोटातून तिरका काप गेलेला एल होता आणि डोक्यावर टिंब असलेला झेड. कागदावर दोन्हींच्या जागी काहीच नव्हते, दोन दात पडावेत तशी मोकळी जागा.

“हा मी नाही,” आजोबा म्हणाले होते.

काकांनी माफी मागितली, पेनाने अक्षरे भरून दिली, उद्या बघतो म्हणाले. आजोबांनी कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला होता.

“हे बघा,” फोनवरचा माणूस आता सांगत होता, “तुम्हाला स्क्रीनवर दिसतात ती अक्षरं कॉम्प्युटरची. कागदावर येतात ती प्रिंटरची स्वतःची. त्याच्याकडे जे अक्षर नाही ते तो सोडून देतो आणि पुढचं छापतो.”

“सांगत नाही? म्हणजे लाल दिवा वगैरे?”

“नाही. सांगत नाही.”

उपाय साधा होता. एका चौकोनात खूण करायची, म्हणजे कॉम्प्युटर आपली अक्षरे सोबत धाडेल आणि प्रिंटर मुकाट्याने तीच वापरेल. पण त्याआधी, माणूस म्हणाला, जेवढी म्हणून वेगळी चिन्हे आहेत तेवढी एका कागदावर छापून बघा, काय काय गळतंय ते कळेल. काकांनी छापले. फोन ठेवला आणि कागद खिडकीपाशी धरला.

पोलिश अक्षरे गेली होती. दुसऱ्या कुठल्या कुठल्या भाषांमधली, टोपी घातलेली, शेपटी असलेली अक्षरेही गेली होती. ते अपेक्षितच होते. काकांचे बोट ओळीवरून सरकत खाली आले, तापमान लिहिताना अंशासाठी काढतात त्या वर्तुळाची जागा मोकळी होती, आणि तिच्या पलीकडे पाव, अर्धा, पाऊण यांच्याही जागा मोकळ्या होत्या.

अर्धा.

रोज अर्धी गोळी. सकाळी अर्धी, रात्री अर्धी. हे ते दिवसातून कितीदा तरी चढवत, आणि शब्दात कधीच नाही. एक वर एक खाली दोन, मध्ये रेघ, असे एकच चिन्ह. जागा कमी लागते म्हणून.

त्यांनी फाइलमधून सोमवारपासूनच्या छापील प्रती काढल्या. एका प्रतीवर ‘रोज’ होते आणि ‘गोळी’ होते. मध्ये काही नव्हते. वाचणाऱ्याला ते चुकीचे वाटण्याचे कारणही नव्हते. रोज गोळी. म्हणजे एक. शहाणा माणूस दुसरे काय समजेल?

ते बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागले. तिथे उभे असताना त्यांच्या मनात एक विचार आला. पुढे वर्षभर त्या विचाराची त्यांना लाज वाटत राहिली. चौकोनात खूण करायची, फॉर्म पुन्हा छापायचे, ‘नाव दुरुस्त केलंय’ म्हणून घरोघरी पाठवून द्यायचे. तक्रार नावाचीच होती. कोणाला काही कळले नसते. बाईंनाही नाही.

मग त्यांनी ओले हात तसेच पँटला पुसले आणि तो चिन्हांचा कागद घेऊन दुकानात गेले.

बाई एका गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. काका बाजूला उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून बाईंनीच बोलणे आवरते घेतले. काकांनी सांगायला सुरुवात केली ती प्रिंटरच्या खोक्यापासून, वायर कशी जोडली, चाचणीचा कागद कसा व्यवस्थित आला होता, अशी. बाईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि मधेच म्हणाल्या, “काका. कधीपासून?”

“सोमवारपासून.”

बाई खाली बसल्या. मग उठून मागच्या खोलीत आल्या आणि प्रती पालथ्या घालू लागल्या. आवाज चढवला नाही, हेच काकांना जास्त भीतीदायक वाटले. बहुतेक फॉर्म ठीक होते. एका गिऱ्हाईक बाईंची शक्तिवर्धक गोळी होती, तिने काही बिघडत नव्हते. एकांची झोपेची होती. त्यांची बायको फोनवर म्हणाली, अहो, म्हणूनच हे दुपारपर्यंत लोळतायत, मी तर भांडले त्यांच्याशी. एरवी दुकानात हसू फुटले असते.

शेवटची प्रत बाईंनी बराच वेळ हातात धरून ठेवली. पोलिश आजोबांची होती ती. रक्त पातळ ठेवणारी गोळी. डॉक्टरांनी आधीची बदलून ही याच आठवड्यात सुरू केली होती, म्हणजे जुन्या सवयीने अर्धीच घेतली जाईल, अशीही आशा नव्हती.

“काल ते इथे आले होते,” काका म्हणाले. “हाच कागद घेऊन. मी पेनानं...”

त्या मोकळ्या जागेपासून चार बोटांवर आपण पेन टेकवले होते. दोघेही त्या कागदावर वाकून नावच बघत होते.

बाईंनी आजोबांचा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. कोणी उचलला नाही. बाईंनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही कोणी उचलला नाही तेव्हा त्या म्हणाल्या, मी डॉक्टरांना कळवते आणि रुग्णवाहिका बोलावते, मला दुकान सोडता येत नाही, तुम्ही जा. पत्ता काकांना पाठ होता. रोज छापत असत.

रस्ता फार लांब नव्हता. काका धावत नव्हते, पण चालतही नव्हते. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने करकचून ब्रेक लावला आणि त्यांना शिव्या दिल्या, त्या त्यांनी ऐकल्या नाहीत. दार उघडल्यावर काय दिसेल ते डोळ्यांपुढे येत होते आणि ते झटकायला जावे तर आणखी वाईट काही येत होते. मध्येच वाटले, आपण पोचूच नये. कोणीतरी दुसऱ्याने पोचावे.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल वाजवली. आत पाण्याचा आवाज होता. नळ सोडलेला असावा. पुन्हा बेल वाजवली, दार ठोठावले, आजोबा, आजोबा, म्हणून हाका मारल्या. पाणी वाहतच होते. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. सकाळी दिसले होते, म्हणाली, मग म्हणाली, की ते काल? तिला नक्की आठवेना. पण किल्ली तिच्याकडे असायची, आजोबांच्या मुलीने देऊन ठेवलेली. किल्ली शोधायला ती आत गेली, आणि काका बंद दाराला कान लावून उभे राहिले. पाण्याखेरीज दुसरा कसला तरी आवाज यावा म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता.

आजोबा न्हाणीघरात स्टुलावर बसले होते. डोके बेसिनवर झुकलेले, नाकाशी टॉवेल. टॉवेल मूळचा कुठल्या रंगाचा होता ते सांगता आले नसते. बाहीवर, गुडघ्यावर, फरशीवर डाग होते. उघड्या दंडावर मोठा निळाजांभळा ठसा उमटला होता. शेजारीण दारातच थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

आजोबांनी मान वळवून बघितले. काकांना ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते ओशाळल्यासारखे झाले, कोणी आपल्याला अशा अवस्थेत बघावे हे त्यांना आवडले नव्हते.

“नावासाठी आलात?” ते म्हणाले. “एवढ्यासाठी यायची काही गरज नव्हती.”

काका त्यांच्यासमोर ओल्या फरशीवरच उकिडवे बसले.

“नावासाठी नाही आजोबा. गोळीसाठी. ती नवी गोळी, रोज किती घेता?”

“एक. लिहिलंय तशी.”

“अर्धी होती ती. आमच्याकडून छापायचं राहिलं. माझ्याकडून.”

आजोबा त्यांच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. ते मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघत असावेत. हिरड्यांतून येणारे रक्त, दंडावरचा ठसा, सकाळपासून न थांबणारे नाक. थोड्या वेळाने त्यांनी हात लांब करून नळ बंद केला.

“मग आता?” त्यांनी विचारले.

बाईंनी सांगितले होते तेच काकांनी सांगितले: रुग्णवाहिका निघालीय, डॉक्टरांना कळवलंय, उतारा असतो, देतील. शेजारणीने स्वच्छ टॉवेल आणला. काकांनी आजोबांची मान किंचित पुढे धरून ठेवली. हाताखाली ती मान इतकी हलकी लागत होती की दाबायची भीती वाटत होती.

इस्पितळात दारापर्यंतच जाऊ दिले. परिचारिकेने विचारले, तुम्ही त्यांचे कोण, आणि काका म्हणाले, औषधाच्या दुकानातला. ती निघून गेली. बाकावर बसल्यावर त्यांच्या लक्षात आले की बायकोला कळवलेच नाही. फोन लावला तर तिचा आवाज ऐकून त्यांना काही बोलताच येईना. ती नुसते ‘अहो, काय झालंय? अहो?’ म्हणत राहिली, आणि मग बाकी काही न विचारता, कुठे आहात तेवढे विचारून आली.

पोटातही रक्तस्राव होत होता. पहिले दोन दिवस कोणी धड काही सांगेना. काकांचे जेवणावरून मन उडाले. फोन वाजला की ते ताठ व्हायचे, आणि बायको आधी उचलून, ऐकून, ‘दूधवाल्याचा आहे’ असे लगेच सांगायची. बाईंनी चूक स्वतःहून औषध खात्याला कळवली. तपासायला माणसे आली, प्रती घेऊन गेली. काकांना वाटले होते आता आपल्याला घरी पाठवतील. बाई म्हणाल्या, पडद्यावर मीही तपासत होते, कागदावर नाही. एवढेच म्हणाल्या. त्या दिवसापासून ‘अर्धी’ अक्षरात लिहायची ठरले.

आजोबा वाचले. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढ्या रक्तस्रावातून उठले हेच पुष्कळ. पण ज्या माणसाने चालत येऊन काउंटरवर कागद उलगडला होता तो माणूस इस्पितळातून बाहेर आला नाही. जे बाहेर आले त्यांना जिना चढता येत नव्हता, आणि बोलता बोलता शब्द हरवायचे. दूरच्या गावाहून मुलगी आली होती. आता ती त्यांना स्वतःकडे नेणार होती. त्यांचे घर रिकामे करायचे चालले होते.

काका तिला भेटायला गेले. बाई म्हणाल्या होत्या, मी सगळं सांगितलंय, तुम्ही जायची गरज नाही. बायको म्हणाली, जा. जिना चढताना त्यांना वाटत होते, ती ओरडेल. ओरडली तर बरे होईल.

ती खोकी बांधत होती. काकांनी आपण कोण ते सांगितले आणि जे सांगायचे ते सांगितले. ती ऐकत होती, हातातली चिकटपट्टी मात्र ओढत राहिली.

“तुमच्या दुकानातून परतल्यावर बाबांनी मला फोन केला होता,” ती म्हणाली. “म्हणाले, फॉर्मवर माझ्या नावातली अक्षरं गेलीत. मी हसले. म्हटलं बाबा, तुमचं आपलं काहीतरी. ठेवला फोन.”

मग तिने विचारले, खोकी खाली न्यायला हात लावाल का?

त्यांनी लावला. एकेक करून सगळी खोकी गाडीत गेली. आजोबा आधीच पुढच्या सीटवर बसले होते, दाढी केलेली, शर्टाचे वरचे बटण लावलेले. मुलगी घर बंद करायला वर गेली होती. आजोबा खांद्यामागचा सीटबेल्टचा पट्टा ओढू पाहत होते आणि तो सारखा हातातून सुटत होता. काका वाकले. आजोबांनी पट्टा त्यांच्या हातात दिला, नजर समोरच्या रस्त्यावर ठेवली, आणि कॉलरला पट्टा घासू नये म्हणून हनुवटी किंचित वर उचलून धरली.