वाऱ्याच्या तोंडावरची पाळ

मी पाळ बोलते आहे, कुही गावाकडच्या एका तलावाचं पाणी अडवणारी मातीची पाळ. एरवी मी कोणाशी बोलत नाही. पण आज अंगात असं कापरं भरलंय की गप्प राहवत नाही.

कधीकाळी गावानेच मला घातलं. बायकांनी टोपल्या भरभरून माती आणली, पुरुषांनी ठेचली, वरून म्हशी फिरवून तुडवली. तेव्हापासून एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, न् घरं, आणि मध्ये मी. अगदी पायथ्याशी धोंडबा ढिवराचं घर. मासोळ्या विकून आला की मेला बिडी माझ्याच अंगावर विझवतो! पण माणूस जीव लावणारा.

लोकांना वाटतं, पाळ पावसाने फुटते. मला विचारा! पाऊस परवडला. तलाव तुडुंब असताना पश्चिमेचा वारा सुटला, की माझी बोबडी वळते. पलीकडच्या काठावरून लाटा निघतात, येता येता मोठ्या होतात आणि माझ्या पोटावर आदळतात. प्रत्येक लाट घासभर माती घेऊन जाते.

आजवर मला वाचवलं ते बेशरमाच्या झुडपांनी. काठाला दाट माजलेली. लाट त्यांच्यात शिरली की तिचा जोर निघून जायचा. पण ती कोणाला आवडतात? धोंडबाची जाळी त्यांत अडकून फाटायची. यंदा लेकरांचा तान्हा पोळा माझ्यावर भरवायचं ठरलं, माथा सपाट करायला जेसीबी आला, तेव्हा धोंडबाच सरपंच चारुशीलाबाईंना म्हणाला, "बाई, जेसीबी आलाच आहे तं हे बेशरम बी काढून टाका ना जी. लेकराईले बैल घेऊन उभं राहाले जागा होईन."

"टाकू ना गा भाऊ, त्यात काय!" बाई म्हणाल्या.

मुळासकट उपटलं हो! आणि बाजूला ढीग घातला.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी लेकरं सजवलेले लाकडी बैल घेऊन माझ्यावर रांगेत उभी राहिली, आणि वारा सुटला. लाटा माझ्यावर फुटू लागल्या, तशी पोरं मोबाइल काढून ओरडली, "अबे, गोव्यावानी वाटून राहिलं!"

गोवा कसला डोंबलाचा! इकडे माझं पोट फाटत होतं. खाली धोंडबाची सून अपेक्षा एकटी होती. ओली बाळंतीण, सव्वा महिन्याआधी उंबरठा ओलांडायचा नाही म्हणून घरातच. मी फुटले असते तर सगळ्यात आधी तिच्यावर आणि त्या तान्ह्या जिवावर कोसळले असते. बाई गं, इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

शेवटी माझ्यातून पाणी झिरपलं. गढूळ पाणी, थेट तिच्या अंगणात. तिने ते पाहिलं, रीतभात ठेवली गुंडाळून आणि बाळाला छातीशी धरून धावत वर, सासऱ्याकडे आली. "मामाजी, पाळ झिरपून राहिली! आधी लेकराईले उतरवा!"

धोंडबा लेकरांकडे धावला. लेकरं भराभर खाली उतरवली; बैल तिथेच लोळत राहिले. चारुशीलाबाईंनी पदर खोचला. उपटलेल्या बेशरमाच्या मोळ्या न् रेतीची पोती माझ्या पोटाशी रचली, आणि ती वाहून जाऊ नयेत म्हणून धोंडबाने आपलं कोरं जाळं त्यांवर पसरून खुंट्या ठोकल्या. "मीच काढाले लावलं होतं जी, मीच," असं म्हणत ठोकत होता.

संध्याकाळी वारा पडला. पायथ्याच्या घरांतली माणसं शाळेत हलली. मी उभी आहे खरी, पण आतून भुसभुशीत झाले आहे. पाणी अजून झिरपतंय आणि तलाव काठोकाठ आहे.

आता धोंडबा एकटाच परत आलाय. माझ्या पायथ्याशी पाठ टेकून बसलाय. मला थोपटत म्हणतो, "भेऊ नको माय. मी आहो ना इथं."

अरे लेका, तू इथं आहेस म्हणून तर भीती! ऊठ बाबा. सुनेजवळ जा, नातवाजवळ जा. पाण्यावर पुन्हा सुरकुत्या उठू लागल्या आहेत, पश्चिमेकडूनच. माझ्याच्याने आता धरवणार नाही रे. कोणी ऐकतंय का? याला इथून उठवा हो!