दहावं तळं

त्र्यंबककाकांचं कोडं सोमवारी सकाळी ग्रुपवर आलं, तेव्हा नीरजाने आधी रेघा पाहिल्या. आलेखाच्या कागदावर पट्टीने ओढलेल्या रेघा सरळ होत्या, काळे चौकोन नीट भरलेले होते. तिला हायसं वाटलं. एवढ्याशा गोष्टीवर हायसं वाटावं, अशी वेळ आली होती खरी.

काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. पोस्टात हयात काढलेले, टेंभी नाक्यापाशी राहणारे. गेली बारा वर्षं ते 'आडवे-उभे' या ग्रुपसाठी दर महिन्याला एक गूढ शब्दकोडं रचत. ग्रुपात माणसं अकरा आणि ऐट अकराशेंची. पण गेल्या महिन्यात दोन शब्द एकमेकांत बसेचनात, आणि कोणीतरी शहाण्याने हसरा चेहरा टाकला. तो पाहून काकांच्या मुलाने, सलिलने, नीरजाला फोन केला.

"बाबा हल्ली विसरतात, ताई. जेवून हात धुतले की पान कधी वाढणार म्हणून विचारतात. या वेळीही चुकलं तर आपण हे थांबवू या. त्यांना कोणी हसलेलं मला बघवत नाही. काय ते तुम्हीच सांगा, तुमचं ते ऐकतील."

ऐकतील कसले, तिला कोडी सोडवायला शिकवलं होतं त्यांनीच. डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या नीरजाला आता गुरूचाच पेपर तपासायचा होता.

या वेळच्या कोड्यात दहा सूत्रांपुढे टिंबं होती. त्या दहा उत्तरांना जोडणारा एक धागा होता. तो मात्र ज्याचा त्याने शोधायचा. पहिलं टिंब: 'आधी केर, मग रांगोळीचं शेवटचं अक्षर.' केर म्हणजे कचरा, पुढे ळी. कचराळी. ठाण्याचं तळं. मग मासुंदा लागलं, उपवन लागलं, आणि धागा हाती आला. बुधवारपर्यंत नऊ तळी भरली.

त्या दिवसांत नीरजा जरा हवेतच होती. दुपारी वह्या तपासताना डोळा लागे आणि कागदावरचे पांढरे चौकोन हळूहळू पाण्याने भरत. काळे चौकोन तेवढे दगडांसारखे वर राहत. त्यांवरून काका चालत जात, चपला हातात घेऊन, कुठेही न अडखळता. ती मागून जाई. कुठे जायचंय हे विचारावंसं तिला वाटत नसे. जाग आली की बोटांना लाल शाई लागलेली असे.

अडलं ते दहाव्यावर. 'दिव्याने दिलं, डोळ्याने घेतलं.' काजळ, दुसरं काय? आडव्या-उभ्यात चपखल बसत होतं. पण काजळ नावाचं तळं ठाण्यात नव्हतं.

"शीळफाट्याला अडकलोय, तासभर हललेलो नाही," स्वानंदने गाडीतूनच फोन केला. हा ग्रुपातला सगळ्यात हुशार पोरगा. "तेवढ्यात सगळे नकाशे बघितले. काजळ तळं नाहीच आहे ताई. उत्तर दुसरंच असणार."

सरळ उत्तर मिळालं की कोडेकऱ्याला चैन पडत नाही. दोन दिवस सगळे काखेत कळसा घेऊन गावाला वळसे घालत राहिले. दुसरं काहीच बसेना. शुक्रवारी संध्याकाळी नीरजाने सलिलला लिहायला घेतलं, 'या वेळीही चुकलंय, थांबवू या,' आणि तिला रडू आलं. पाठवण्याआधी तिने एकदा मागचे निरोप चाळले.

ग्रुपचा नियम काकांनीच घातलेला. ज्याला टिंबाच्या सूत्राचं उत्तर येईल त्याने दर उत्तरामागे नुसतं 'लागलं' लिहायचं, पुढे तोंड उघडायचं नाही. कोणी आपली हार कबूल करून विचारलं तरच सांगायचं. बारा वर्षांत हार कबूल करणारा पैदा झाला नव्हता. मंगळवारच्या निरोपांत माजिवड्याच्या रंभाताईंचे 'लागलं' होते. नीरजाने मोजले. दहा.

तिने लगेच फोन लावला. "रंभाताई, मी हरले. दहावं सांगा."

"काजळ. आमच्या गावचं तळं."

"मग चार दिवस बोलला का नाहीत?"

"कोणी इचारलंच नाय," रंभाताई शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीरजाला माजिवड्यातल्या एका टॉवरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेलं. बाहेर भर दुपार होती, आत गार आणि अंधुक. "मी आठ वर्षांची असताना इथं पानी होतं. काळंभोर. आमी म्हशी धुवायला यायचो. तुमचे काका तवा पोस्टमन. सायकल टेकवून काठावर बसायचे, डबा खायचे, पोरींना कोडी घालायचे. मग भराव टाकला, संपलं." फरशीवर दिव्यांचा उजेड हलत होता, आणि नीरजाला घोट्याशी गारवा जाणवला. कोडं बरोबर होतं. काकांचं काही चुकलं नव्हतं.

तशीच ती टेंभी नाक्याला गेली. दार सलिलने उघडलं. कोडं बरोबर आहे, हे तिने त्याला उंबऱ्यातच सांगितलं, तेव्हा तो बाजूला होऊन तिला आत घेऊन गेला.

"ये गं नीरजा," काका खाटेवरून म्हणाले. तिने भरलेलं कोडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला. एकेका सूत्रावर बोट ठेवत ते वाचत गेले, मधेच गालात हसले, दहाव्यापाशी थांबले.

"वा. कोणी रचलंय हे?"

सलिलने तोंड फिरवलं. नीरजा खाटेच्या कडेला बसली. "तुम्हीच, काका."

"मी? छे, मला कुठलं एवढं जमायला." काकांनी काजळवरून बोट फिरवलं. "भला माणूस दिसतो. त्याला माझा निरोप दे. म्हणावं, आमचं तळं कोणाच्या लक्षात नव्हतं. तू ठेवलंस."

"सांगते," नीरजा म्हणाली.